बंद कॅमेऱ्याचे तर्कशास्त्र

‘कॅमेरा’ हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ खोली. काळोख्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक ठेवले म्हणजे बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. या जुन्या प्रयोगावरून हे नाव यंत्राला चिकटले. आमच्या गावच्या घराच्या पडवीत बसविलेल्या कॅमेऱ्याने मात्र तीन महिने आम्हा सर्वांनाच काळोख्या खोलीत बसवून ठेवले होते. तेथून बाहेर पडताना तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेल्या चार गोष्टी उपयोगी पडल्या, आणि तासाला न शिकलेली एक गोष्टही कळली. म्हणून हा लेख.

विषय यंत्राचा असला तरी कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घरातली माणसे बाहेर पडली आणि म्हातारे माणूस मागे राहिले, की हल्ली तेथे कॅमेरा येतो. तो कॅमेरा बंद पडला तर दूरवरून पुन्हा सुरू कसा करावा आणि मुळात तो बंद का पडला हे कसे शोधावे, हा प्रश्न आता पुष्कळांच्या घरचा झाला आहे.

एक रात्र

आमचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. तेथे आजी एकटी राहते. आई-वडील आणि काका मुंबईला, मी पुण्याच्या वसतिगृहात. पडवीतल्या कॅमेऱ्यातून अंगण, तुळशीवृंदावन आणि बेड्यापर्यंतची वाट दिसते. जानेवारी २०२५ मधल्या एका रात्री साडेनऊला मी मोबाइल उघडला, तर चित्र नाही. फक्त ‘ऑफलाइन’ अशी पाटी. आजीला फोन लावला, तोही लागेना. काकांना कळविले. त्यांनी मुंबईहून खटपट केली. चित्र क्षणभर आले आणि गेले. शेवटी सव्वादहाला शेजारच्या बापूंना उठविले. ते बॅटरी घेऊन गेले, दार वाजविले. आजी गाढ झोपेतून दचकून उठली. तिचा फोन चार्जिंग संपून बंद पडला होता, एवढेच.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “अगो, रात्री दार वाजलं की माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तुमच्यापैकीच कुणाचं काही झालं असं वाटलं मला.”

त्या वाक्याने मी शरमले. आमची काळजी मिटविण्यासाठी आम्ही तिच्या काळजात धडकी भरविली होती. आणि हे झाले एका चुकीच्या अनुमानावरून. ‘चित्र दिसत नाही’ या आधारावरून आम्ही ‘घरात काही विपरीत घडले’ या निष्कर्षावर उडी मारली होती. मधल्या पायऱ्या कुणीच पाहिल्या नव्हत्या.

चित्राची वाट

त्या पायऱ्या अशा. कॅमेऱ्याला वीज लागते. वीज मिळाली की त्याच्या आतला छोटा संगणक सुरू होतो. तो घरातल्या राउटरशी बिनतारी जोडला जातो. राउटर बाहेरच्या इंटरनेटच्या तारेला जोडलेला असतो. तेथून चित्र बहुधा कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून आपल्या मोबाइलवर येते, आणि त्यासाठी मोबाइललाही जाळे मिळावे लागते. म्हणजे वीज, कॅमेरा, बिनतारी जोडणी, राउटर, बाहेरची तार, सर्व्हर आणि मोबाइल अशा सात कड्या झाल्या. कोणतीही एक तुटली तरी मोबाइलवर पाटी एकच दिसते. पडद्यावरचा काळोख ही घराची बातमी नसते. कोठली तरी कडी तुटल्याची ती बातमी असते. कोणती, ते आपण शोधावयाचे.

दूर बसूनही ते बरेचसे शोधता येते. आधी आपल्या मोबाइलवर दुसरे काही उघडते का ते पाहावे. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरही तीच पाटी दिसते का ते विचारावे. मग त्याच घरातल्या, त्याच राउटरवर चालणाऱ्या दुसऱ्या उपकरणाकडे वळावे. तेही गप्प असेल तर दोष बहुधा राउटर, बाहेरची तार किंवा घरातली वीज यांत आहे. तेव्हा वाडीत वीज आहे का एवढे शेजाऱ्याला फोन करून विचारले तरी पुरते. ते बोलत असेल आणि कॅमेराच गप्प असेल, तर राउटरपासून पुढच्या कड्या बहुधा निर्दोष ठरल्या. उरली कॅमेऱ्याची वीज, त्याची बिनतारी जोडणी आणि तो स्वतः.

वीज गेल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मात्र कोणताच निष्कर्ष काढू नये. वीज परत येताच कॅमेरा आणि राउटर दोघेही जागे होतात. परंतु राउटर पुरता सावरायला दोन-तीन मिनिटे घेतो. तोवर कॅमेरा जाळे शोधत राहतो. शिवाय पुष्कळ कॅमेऱ्यांतल्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत ते १ जानेवारी १९७० हीच तारीख धरून बसतात, कारण अनेक संगणक-प्रणाली काळाची मोजणी त्याच दिवसापासून करतात. जुन्या चित्रणात एखादा तुकडा १९७० सालचा निघाला तर भुताटकी समजू नये. त्या वेळी वीज जाऊन आली होती, असा तो पुरावा असतो.

पुन्हा सुरू करण्याचे प्रकार

दूरवरून कॅमेरा पुन्हा सुरू करण्याचा पहिला मार्ग म्हणजे मोबाइलवरच्या ॲपमधून ‘रीस्टार्ट’ची आज्ञा देणे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळे-कॅमेऱ्यांना एकच भाषा कळावी म्हणून २००८ साली ‘ऑनव्हिफ’ ही संघटना स्थापन झाली. तिच्या नियमावलीतही कॅमेरा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा आहे. अडचण एवढीच, की आज्ञा ऐकायला कॅमेरा जागा असावा लागतो. चित्र अडखळत असेल, आवाज येत नसेल, तर हा मार्ग चांगला. कॅमेरा ‘ऑफलाइन’ झाला असेल तर तो बहिऱ्याला हाक मारण्यासारखा आहे.

दुसरा मार्ग विजेचा. कॅमेऱ्याचा अडॅप्टर मोबाइलवरून चालू-बंद होणाऱ्या ‘स्मार्ट प्लग’ मध्ये लावावयाचा. प्लग बंद करावयाचा, अर्धा मिनिट थांबावयाचे आणि पुन्हा चालू करावयाचा. ही अर्ध्या मिनिटाची उसंत आवश्यक आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ओसरल्याखेरीज यंत्र खऱ्या अर्थाने बंद होत नाही. चालू केल्यावरही दोन मिनिटे धीर धरावा. दोन पथ्ये मात्र पाळावीत. वीज जाऊन आल्यावर प्लग आपोआप ‘चालू’ स्थितीत यावा अशी योजना आधीच करून ठेवावी. आणि राउटर कधीही अशा प्लगवर लावून दूरवरून बंद करू नये. राउटर बंद झाला की प्लगला ‘चालू हो’ हे सांगायला रस्ताच उरत नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्याचा तो प्रकार होय.

काही कॅमेऱ्यांना वीज आणि जाळे एकाच तारेतून मिळते. ही पद्धत २००३ साली प्रमाणित झाली. तेथे ज्या स्विचमधून तार निघते, त्या स्विचचे तेवढे एक तोंड दूरवरून बंद-चालू करता येते.

शेवटचा मार्ग म्हणजे घरातल्या माणसाचा हात. तेथे फोनवरून सांगताना शब्द तोलून वापरावेत. ‘रीस्टार्ट’ आणि ‘रीसेट’ हे सख्खे भाऊ वाटले तरी त्यांचे काम निराळे. कॅमेऱ्याच्या अंगावरचे बारीक बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरले तर बहुतेक कॅमेरे सगळी जोडणी विसरून कोरे होतात, आणि मग जवळ जाऊन पुन्हा जोडल्याखेरीज गत्यंतर नसते. “बटणाला हात लावू नकोस, फक्त भिंतीवरचा खटका बंद कर, शंभर अंक मोज आणि चालू कर,” एवढेच सांगावे. त्याचप्रमाणे वीज बेभरवशाची असताना कॅमेऱ्याची आतली प्रणाली दूरवरून बदलण्याच्या फंदात पडू नये. मध्येच वीज गेली तर यंत्र कायमचे मुके होण्याचा धोका असतो.

काकांनी डिसेंबरातच स्मार्ट प्लग बसविला होता. कॅमेरा रोज संध्याकाळनंतर रुसतो हे पाहून त्यांनी एक युक्तीही केली: रात्री नऊ वाजता प्लग आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हावा. नऊ वाजून दोन मिनिटांनी ते मोबाइल उघडत. अंगण दिसे, त्यांचे समाधान होई आणि फोन खाली ठेवला जाई. त्यानंतर काय होते हे कुणी पाहत नव्हते. त्या जानेवारीच्या रात्री मी साडेनऊला पाहिले, म्हणून ते उघडकीस आले.

मिल यांच्या पद्धती कामाला लागतात

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती मांडल्या. परीक्षेपुरत्या त्या मी पाठ केल्या होत्या. आता ॲपमधली ‘ऑफलाइन’ झाल्याच्या वेळांची यादी वहीत उतरवून काढली आणि त्या पद्धती लावून पाहिल्या.

पहिली अन्वय-पद्धती: ज्या ज्या वेळी कार्य घडले त्या सर्व प्रसंगांत समान काय? यादीत एकही नोंद दुपारची नव्हती. सगळ्या दिवेलागणीनंतरच्या. राउटर किंवा बाहेरची तार दोषी असती तर तिने दिवसा-रात्रीचा भेद कशाला केला असता?

दुसरी व्यतिरेक-पद्धती: कार्य घडले तो प्रसंग आणि न घडले तो प्रसंग यांत फरक कोणता? दिवाळीआधी ही तक्रार नव्हती. दिवाळी २०२४ मध्ये आम्ही घरी जमलो तेव्हा कॅमेरा माजघराच्या दारावरून काढून पडवीच्या टोकाच्या खांबावर नेला होता, बेडे दिसावे म्हणून. दिवाळीनंतरची एकच रात्र कॅमेरा पहाटेपर्यंत अखंड चालला होता, ती तुळशीच्या लग्नाची. त्या रात्री अंगणातला मोठा दिवा मालवायचा राहून गेला होता.

तिसरी सहचारी परिवर्तनाची: एक गोष्ट बदलली की दुसरी तिच्याबरोबर बदलते का? नोव्हेंबरच्या अखेरीस कॅमेरा पहिल्यांदा बंद पडे तो सहा-वीसच्या सुमारास. जानेवारीच्या अखेरीस तीच वेळ सात वाजायला दहा मिनिटे कमी अशी झाली होती. मी कालनिर्णय काढून सूर्यास्ताच्या वेळा पाहिल्या. त्याही या दोन महिन्यांत सुमारे अर्ध्या तासाने पुढे सरकल्या होत्या. कॅमेरा घड्याळाप्रमाणे बंद पडत नव्हता. सूर्याप्रमाणे बंद पडत होता.

काळोखाशी संबंध आहे एवढे ठरले. परंतु काळोख झाल्यावर कॅमेऱ्यात नेमके काय होते, ते मात्र यादीत नव्हते.

आजीची साक्ष

ते आजीने सांगितले. सहज बोलता बोलता ती म्हणाली, “तुमचा तो कॅमेरा दिवे लागले की टकटक करत बसतो. पाल चुकचुकते तसा. मी कृष्ण कृष्ण म्हणते.”

“किती वेळा गं करतो?”

“रात्रभर. थोडा वेळ गप्प, की पुन्हा टक्.”

“मग तू आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही त्यातून बघता, तुम्हाला कळत असेल असं वाटलं मला.”

ही ‘टक्’ म्हणजे काय ते मी शोधून काढले. अशा कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक लहानशी काच असते; ती अवरक्त प्रकाश अडविते, म्हणून दिवसा रंग खरे दिसतात. अंधार पडला की ती काच टक् आवाज करून बाजूला सरते, कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागतात आणि आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात तो काळे-पांढरे चित्र घेऊ लागतो. कॅमेरा नव्याने सुरू होतानाही ही काच हलते. रात्रभर टकटक याचा अर्थ, कॅमेरा रात्रभर मरत होता आणि पुन्हा जन्मत होता. तुळशीच्या लग्नाच्या रात्री अंगणात उजेड होता, म्हणून अवरक्त दिवे लागलेच नाहीत आणि कॅमेराही पडला नाही.

आता प्रयोग उरला. त्याच संध्याकाळी पाचला, कॅमेरा जागा असतानाच, मी ॲपमधून त्याचे अवरक्त दिवे बंद करून टाकले. सात वाजले, आठ वाजले. मोबाइलवर काळाकुट्ट पडदा. परंतु ‘ऑफलाइन’ ही पाटी नाही! कोपऱ्यातले घड्याळ सेकंद मोजीत होते, रातकिड्यांचा आवाज येत होता. पहाटेपर्यंत कॅमेरा एकदाही पडला नाही. काहीही न दिसणारे चित्र पाहून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

वीस मीटर तार

कारण आता दहावीच्या भौतिकशास्त्राने सुटण्यासारखे होते. कॅमेरा पडवीच्या टोकाला नेताना अडॅप्टर माजघरातच ठेवून आम्ही बाजारातून आणलेली वीस मीटर बारीक तार मध्ये जोडली होती. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तारेची लांबी चाळीस मीटर. तांब्याचा छेद ०.२ चौरस मिलिमीटर धरला तर तिचा रोध सुमारे साडेतीन ओहम होतो. समजा, कॅमेरा दिवसा पाव अँपिअर वीज घेतो. ओहमच्या नियमाने तारेत ०.९ व्होल्टच्या आसपास खर्च होतात, आणि १२ पैकी ११ व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोचतात. रात्री अवरक्त दिव्यांसह तो पाऊण अँपिअर घेऊ लागला, की तारेतच २.६ व्होल्ट खर्ची पडतात आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला साडेनऊच्या खाली राहतात. आमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात १२ व्होल्ट, दहा टक्के कमी-अधिक, असे लिहिले आहे, म्हणजे १०.८ च्या खाली त्याचे चालत नाही. दिवे लागले की तो कोसळे. कोसळला की दिवे विझत, भार उतरे, तो पुन्हा उठे. उठून अंधार पाहताच पुन्हा दिवे लावी. चकव्यात सापडलेल्या वाटसरूसारखी त्याची गत झाली होती.

फेब्रुवारीत गावच्या वायरमनने पडवीपर्यंत घरच्या विजेची नीट पट्टीतून तार नेली आणि अडॅप्टर कॅमेऱ्याशेजारी बंद पेटीत बसविला. बारीक तार उरली जेमतेम हातभर. तेव्हापासून टकटक थांबली.

पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हे

काकांचा नऊचा ‘रीस्टार्ट’ दोन महिने दोष झाकत होता. ही चूक मोठ्या प्रमाणावरही होते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरातले असंख्य घरगुती कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. कारण त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेच नव्हते. त्यांच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही काळ विस्कळीत झाल्या. गंमत अशी की मिराई फक्त कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असे. कॅमेरा पुन्हा सुरू केला की ती नाहीशी होई. परंतु पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात पुन्हा लागण होई. नुसता ‘रीस्टार्ट’ म्हणजे दार उघडे ठेवून उंदीर हाकलणे.

उलट उदाहरण मंगळावरचे. ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक काही दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. पृथ्वीवरून संदेश पोचायला तेव्हा दहा मिनिटांहून अधिक लागत. संगणक अडकला की त्याला पुन्हा सुरू करणारी पहारेकऱ्याची योजना यानातच होती आणि ती चोख काम करीत होती. पण तेवढ्यावर अभियंते थांबले नाहीत. प्रयोगशाळेतल्या जुळ्या यंत्रावर त्यांनी तोच बिघाड घडवून आणला, कामांच्या अग्रक्रमातला दोष ओळखला आणि दुरुस्ती येथून पाठविली. त्यांच्यापाशी मंगळावर विचारायला कुणी नव्हते. आमच्यापाशी होते, आणि आम्ही विचारले नाही!

शेवटी

घरगुती सुरक्षा-कॅमेऱ्याच्या पहिल्या योजनांपैकी एक न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेची. तिला आणि तिच्या पतीला २ डिसेंबर १९६९ रोजी तिचे पेटंट मिळाले. दाराला चार छिद्रे, त्यांमागे सरकणारा कॅमेरा आणि आत पडदा: दारात कोण आले आहे हे घरातल्या बाईने बसल्या जागी पाहावे, ही त्यातली कल्पना. पाहणारी व्यक्ती घरात राहणारीच होती. आम्ही ही योजना उलटी केली; पाहणारे सगळे बाहेर, आणि घरातल्या माणसाला पडदाच नाही. कॅमेरा आल्यापासून माझे आजीला होणारे फोनही कमी झाले होते, हे मला त्या रात्रीनंतर जाणवले. दिसते आहे ना, मग विचारायचे कशाला?

आता आमच्या घरात नियम ठरला आहे. कॅमेरा बंद दिसला तर आधी सात कड्या, मग पुन्हा सुरू करणे, आणि तेही एकदाच. दुसऱ्यांदा पडला तर कारण शोधावयाचे. बापूंना उठवायचे ते आजीचा फोन आणि घरातली दुसरी उपकरणे दोन्ही गप्प असतील तरच. शिवाय दिवेलागणीला मी आजीला फोन करते. परवा तिने विचारले, “काय गो, बंद पडला का तुझा कॅमेरा?”

“नाही, चालू आहे.”

“मग फोन कशाला केलास?”

“तुझा आवाज त्यात येत नाही म्हणून,” मी म्हटले. ती हसली, आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिली.